गव्हाणीतल्या काड्या

गव्हाणीत पुन्हा काड्या वाढल्या होत्या. शिलाई मशीन सोडून ती उठली आणि कपाटावरच्या त्या छोट्याशा लोखंडी गव्हाणीत तिने बोट खुपसलं. काल गवत काठाला लागलं होतं. आज ते काठावरून बाहेर डोकावत होतं.

"चिमणे, खरं सांग. तू टाकल्यास?"

"माझ्या थोड्याच आहेत," मुलगी फणकारली. "येशूबाळाशी कोणी लबाडी करतं का?"

आपल्या घरात नाताळची स्वतःची अशी एक रीत असावी, ही यंदा तिचीच हौस. एक चांगलं काम केलं की शेजारी ठेवलेल्या पाटीतली गवताची एक काडी उचलून गव्हाणीत टाकायची. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या गवतावर मातीचं येशूबाळ ठेवायचं. जितकी चांगली कामं, तितका बाळाचा बिछाना मऊ. कोणी टाकली, कशासाठी टाकली, हे विचारायचं नाही, हा नियमही तिचाच. आणि तो पहिल्यांदा मोडला तोही तिनेच.

नवरा वेल्डर. गव्हाण त्यानेच भंगारातल्या पट्ट्या जोडून केली होती. बायकोवर हात उचलला की तो चार दिवसांनी काहीतरी सुंदर बनवून आणायचा. घरातलं स्टूल, कुंडीचा स्टँड, टॉवेलचा दांडा, सगळी एकेका माराची भरपाई होती. गव्हाण मात्र त्याने काही न घडता केली, म्हणून तिला तिचीच जास्त भीती वाटायची.

ईस्टरनंतर त्याने मारलं, तेव्हा ती मुलीला घेऊन भावाकडे निघून गेली होती. पाद्रीसाहेबांसमोर त्याने कानाला खडा लावला, तेव्हा कुठे परतली. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कपड्यांची एक पिशवी तिने पलंगाखाली भरून ठेवली होती. पुन्हा हात उठला की चिमणीला घेऊन निघायचं, आणि मग मागे वळायचं नाही. भावालाही तसं सांगून ठेवलं होतं.

हात उठला नव्हता. नाताळचा महिना लागल्यापासून तर घर दृष्ट लागावी असं शांत होतं. भात करपला, तो काही बोलला नाही. तिच्या हातून त्याच्या हत्यारांच्या पेटीची किल्ली हरवली, तरी गप्प. भावाचा फोन आला आणि ती मोठ्याने हसली, तेव्हाही तो नुसता उठून बाहेरच्या खोलीत गेला. माणूस बदलतो, तिने स्वतःला समजावलं. पण दारात त्याची स्कूटर थांबली की तिची नजर पलंगाखाली जायची ती जायचीच.

नाताळची आदली संध्याकाळ. चर्चला जायची घाई. त्याने पांढराशुभ्र शर्ट घातला होता, इस्त्रीही स्वतःच केली होती. नवा फ्रॉक दाखवायला चिमणीने गिरकी घेतली आणि तिच्याच हातातला चहाचा कप बापाच्या छातीवर सांडला.

त्याच्या मुठी आवळल्या, मानेची शीर तटतटली. तिने मुलीला मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाली. मनाने ती पलंगाखालच्या पिशवीपर्यंत पोचलीसुद्धा होती.

तो वळला. कपाटापाशी गेला. भाजल्याच्या डागांनी भरलेल्या त्या जाड बोटांनी त्याने पाटीतून एक काडी उचलली आणि गव्हाणीत खोचली. ती घसरून खाली पडली. पुन्हा खोचली. पुन्हा पडली.

चिमणीच्या जिभेला हाड नाही. "बाबा, चांगलं काम केल्याशिवाय काडी टाकायची नसते."

"केलंय," तो म्हणाला. "आत्ताच केलं."

तिने गव्हाणीकडे पाहिलं. करपलेल्या भाताची काडी. किल्लीची काडी. तिच्या हसण्याची काडी. आणि बाकीच्या कशाच्या, ते तिला आठवेचना. त्या दिवसांत तर काही घडलंच नव्हतं.

"पलंगाखालची पिशवी घे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "हिला घेऊन भावाकडे जा. आजच."

"पण तुम्ही हात तर नाही उचललात."

"अजून नाही." खाली पडलेली काडी त्याने मुठीत धरली होती. "पण आता मावत नाहीये गं."

चिमणीचं या दोघांकडे लक्षच नव्हतं. मातीचं येशूबाळ घेऊन ती स्टुलावर चढली होती. तिने ते गवतावर ठेवलं. ते घरंगळलं. तिने झेललं, पुन्हा ठेवलं, ते पुन्हा घरंगळलं.

"आई," ती रडवेली होऊन म्हणाली, "इथे बाळाला जागाच नाही."