चाळीस मिनिटांची टेप

"तुला बघायचं नसेल तर खाली स्कूटरपाशी थांब, बाबा," असं म्हणून अवंतीने बेल दाबली. विहंग काही खाली गेला नाही. ज्याचं तोंड पुन्हा बघायचं नाही असं त्याने एकवीस वर्षांपूर्वी ठरवलं होतं, त्याच माणसाच्या कारेलीबागेतल्या दाराशी तो मुलीमागे निमूट उभा राहिला.

दार नारायणनेच उघडलं. केस पार पांढरे झाले होते. "आवो, विहंगभाई," तो म्हणाला. त्याने पंख्याखालची खुर्ची पुढे केली.

एके काळी दोघं जिवाभावाचे मित्र. विहंगने उभ्या आयुष्यात एकच सिनेमा काढायला घेतला, त्याचा कॅमेरामन नारायण. फिल्मची रिळं परवडण्यातली नव्हती. तेव्हा नुकताच टेपवर चित्र घेणारा हायडेफिनिशन कॅमेरा निघाला होता, तो त्यांनी मुंबईहून भाड्याने आणला. नायिका घरचीच, विहंगची बायको मोहना. कॅमेरा परत जायच्या दिवशी चाळीस मिनिटांची एक टेप उरली होती आणि एकच प्रसंग उरला होता, नायिकेच्या मृत्यूचा.

तो विहंगच्याच घरात घेतला. त्याला उन्हाची तिरीप नेमकी उशीवर हवी होती, म्हणून प्रत्येक टेकनंतर तो ढग बघायला गच्चीवर पळे. मोहना सारखी जरा थांबू या म्हणत होती, त्यावरून तो तिच्यावर चिडलाही. कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे नजर जाते म्हणून तिने त्यावर काळी पट्टी चिकटवायला लावली. जुने कॅमेरे चालू असले की घरघरायचे, हा मेला मुका. पण मोहना अशी काही मेली, की मॉनिटरसमोर बसलेल्या विहंगच्या डोळ्यांना धार लागली.

दोन दिवसांनी मुंबईहून नारायणचा फोन आला. बटन उलटं पडलं होतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. सुरुवातीलाच एक दाब जास्तीचा झाला आणि पुढचा सगळा क्रमच फिरला. टेक सुरू झाला की रेकॉर्डिंग बंद, टेक संपला की चालू. दिवा झाकलेला, आणि मॉनिटरवर चित्र काय, रेकॉर्डिंग बंद असलं तरी दिसतंच. विहंगने त्याला नको नको ते सुनावलं. नारायण एका शब्दाने उलटून बोलला नाही.

पुन्हा कॅमेरा आणायची जुळवाजुळव होईतो मोहना अंथरुणाला खिळली आणि चार महिन्यांत गेली. सिनेमा तिथेच राहिला. नारायणच्या हाती परत कोणी कॅमेरा दिला नाही. नंदेसरीच्या एका कारखान्यात पाळ्या करत त्याने जन्म काढला.

अवंती तेव्हा तीन वर्षांची होती. तिला आई आठवत नाही. फोटो पुष्कळ आहेत, पण फोटोतली बाई बोलत नाही. टेपवर शॉट नसले तरी आई असेल, एवढ्या आशेवर तिने नारायणला हुडकून काढलं. त्याने टेप जपली होती, आणि ती चालवणारं मशीन कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओतून आणून वर्षभर त्यावर खपला होता.

टेप फिरू लागली. खिडकी पांढरीफटक उमटली होती. त्या कॅमेऱ्यांना ऊन सोसत नसे. त्या उजेडात सगळी खोली दुधात भिजवल्यासारखी दिसत होती, आणि तिच्या मधोमध मोहना मरणशय्येवरून उठून बसली. तिने केस सारखे केले. छोटी अवंती धावत येऊन मांडीत चढली, तशी मोहना तिला बटाट्याच्या ओलसर लीलो चेवड्यातले बेदाणे वेचून भरवू लागली. कसलंसं गाणं गुणगुणत होती, मध्येच विसरत होती, हसत होती. पडदा हलला की उजेडही हलायचा. पोर खिडकीकडे पळाली, तसा कॅमेराही अलगद मागोमाग गेला आणि पोरीसोबत परत आईपाशी आला. हाताची सवय, दुसरं काय, विहंगला वाटलं.

"आईचा हा माझाच आवाज आहे रे, बाबा," अवंती म्हणाली. ती रडत होती आणि तिला डोळे पुसायचंही भान नव्हतं.

विहंगच्या मनातली एकवीस वर्षांची अढी त्या उजेडात विरघळून गेली. त्याने नारायणच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्या चुकीने माझा सिनेमा गेला," तो म्हणाला, "पण हे मिळालं. मी तुला माफ केलं, नारायण."

नारायणने मान खाली घातली. पुढे काही खास नाही, इथेच थांबवू या, असं पुटपुटत तो मशीनकडे वाकला. अवंतीने त्याचा हात धरला.

टेपवर गच्चीवरून तरुण विहंगची हाक ऐकू आली, ऊन आलं, सगळे जागेवर. मोहनाने पोरीला मांडीवरून खाली ठेवलं, दाराकडे एकदा पाहिलं, आणि मग सरळ कॅमेऱ्यात बघत हळूच म्हणाली, "बंद करा आता, नारायणभाई. मी मरून येते. ते टेपवर नको, पोरीला ते लवकरच खरंखुरं बघायचंय. आणि विहंगला सांगा, बटन उलटं पडलं."