रोमकर

ब्रश कशाला तरी अडला, तसा भिकाजीने हात उचलला. वाळूतून एक जबडा वर आला होता. आणि दातांच्या मागे काहीतरी पिवळं चमकत होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "जरा इकडे या."

संपदा धावतच खड्ड्यात उतरली. ती पुण्याची. दुबईजवळच्या उम्म अल कुवेनच्या वाळवंटातल्या या खोदकामावर ती प्रोफेसरांची असिस्टंट होती. प्रोफेसर इटलीचे, सत्तरीला आलेले. त्यांनी चिमट्याने ते नाणं अलगद काढलं, उन्हात धरलं आणि तसेच गुडघ्यावर बसून राहिले. नाण्यावर एक चेहरा होता. सरळ नाक, डोक्यावर पानांची माळ. सोनं काल घडवल्यासारखं लखलखत होतं.

"रोमचा बादशहा," संपदा म्हणाली. "दोन हजार वर्षांपूर्वीचा. काका, तुम्हाला रोमन माणूस सापडलाय!"

भिकाजी गुहागरजवळच्या हेदवीचा. सव्वीस वर्षं त्याने शारजात फरश्या बसवल्या होत्या. हात हलका, म्हणून फोरमन हारुनने त्याला इथे आणलं होतं. शाळा सातवीत सुटलेली. रोम हे गाव की देश, हेही त्याला नीट ठाऊक नव्हतं.

"पण नाणं तोंडात कशाला?"

"त्यांची रीत होती. मेलेल्याला पलीकडे नेणाऱ्या नावाड्यासाठी."

"आमच्याकडेपण सोन्याचा मणी ठेवतात तोंडात."

संपदाने मान हलवली आणि वहीत नाण्याचं माप लिहिलं.

पुढच्या आठवड्यात सांगाड्याशेजारी निळ्या काचेची बोटभर कुपी निघाली, मग दोन कानांचा उंच रांजण. कुपीत अंगाला लावायचं तेल असायचं, रांजणात दारू. हे लोक मिरीसाठी पार हिंदुस्थानापर्यंत जहाजं न्यायचे, वाटेत या किनाऱ्यालाही त्यांचा माल उतरायचा. दुपारच्या सुट्टीत संपदा सांगायची आणि भिकाजी डबा उघडा ठेवून ऐकत बसायचा. शहरात डोंगरावरून पाणी आणायचे म्हणे. गावभर आंघोळीचे मोठे हॉल, आणि त्यांच्या फरश्या खालून गरम.

"फरशीखाली आग?"

"आग बाजूला. फरशी विटांच्या छोट्या खांबांवर उभी करायची. खालून गरम हवा फिरायची."

भिकाजीने बोटाने वाळूत तसे खांब काढून पाहिले. मग म्हणाला, "आणि पाण्याला उतार कसा काढला असेल हो?"

त्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी यायचा. सावलीचं कापड ताणायचा, खड्ड्याच्या काठावरची वाळू मागे सारायचा आणि चपला बाहेर काढून मगच खाली उतरायचा.

"काय रोमकर, ऊन लागत नाही ना?" तो सांगाड्याला विचारायचा.

"पागल हो गया तू," हारुन हसायचा. "यल्ला, काम कर."

प्रोफेसरांनी एक दाढ परदेशातल्या लॅबला पाठवली. माणूस लहानपणी कुठल्या मातीतलं पाणी पिऊन वाढला, ते म्हणे दातात उमटून राहतं. रोमजवळचं नेमकं कुठलं गाव, एवढंच आता कळायचं होतं. तेवढ्यात रोमच्या एका म्युझियमने सांगाडा मागितला, आणि इथल्या सरकारची परवानगीही मिळाली. दोन हजार वर्षांनी माणूस घरी जाणार होता. तिकडे समारंभ ठरला, पेपरात बातम्या आल्या.

"पेटी मी भरली तर चालेल?" भिकाजीने विचारलं.

संपदाने प्रोफेसरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले.

भिकाजीने एकेक हाड मऊ कागदात गुंडाळलं. हात चालू असतानाच तो बोलायला लागला.

"माझा बाप गलबतावर खलाशी होता. इकडे दुबईत, देराच्या धक्क्यावर माल घेऊन यायचा. मी सहा वर्षांचा असताना निघाला, तो परत आलाच नाही. कोणी म्हणालं, गलबत बुडालं. कोणी म्हणालं, तापाने गेला, तिकडेच कुठेतरी वाळूत पुरला. आईने अकरा वर्षं कुंकू पुसलं नाही."

संपदाने पुढचं हाड त्याच्या हातात दिलं.

"इथे आल्यावर सुट्टीच्या दिवशी मी किनारे फिरलो, मॅडम. जुन्या लोकांना विचारलं. खलास, कोणाला काही माहीत नाही." त्याने कवटी दोन्ही हातांनी उचलून पेटीत ठेवली. "याचं बरं झालं. उशिरा का होईना, याला न्यायला माणसं आली."

पेटी बंद झाली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत रोमचा पत्ता लागला. सकाळी दहाला गाडी आली आणि हारुनने चार माणसं उचलायला बोलावली.

तेवढ्यात प्रोफेसरांचा फोन वाजला. त्यांनी लॅबकडून आलेला ईमेल वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग फोन संपदाच्या हातात दिला, डोक्यावरची टोपी काढली आणि पेटीसमोर मान खाली घालून उभे राहिले. हे म्हातारबुवांचं निरोप देणं असावं, असं समजून भिकाजीनेही हात जोडले.

संपदा फोनकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते. गाडीचं दार उघडणाऱ्या हारुनला तिने हातानेच थांबवलं.

"काका," ती म्हणाली, "हा माणूस रोमचा नाही. हा आपल्या कोकणातला आहे."