वैमानिकाची आखणी

निकेश पेणच्या गणपती कारखान्यात आखणी करतो, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवतो. घरी तो महायुद्धात प्रयोगापुरत्या बनलेल्या एका जेटच्या छोट्या मॉडेलचं किट जोडत होता. पत्र्यांच्या सांध्यांत काळा रंग भरून झाल्यावर त्याने नखाएवढ्या वैमानिकाचे डोळेही सवयीने आखले.

"याला गॉगल होता ना रे?" मी म्हटलं.

"नजर दिल्याशिवाय हात थांबत नाय गो," तो हसला.

सकाळी वैमानिकाची मान आमच्या लेकीच्या पाळण्याकडे वळलेली होती. मी विमान फिरवून ठेवलं. दुपारी तो पुन्हा भूमिकाकडेच बघत होता.

भूमिका आमची सातव्या महिन्यातच जन्मलेली. तिचा श्वास बघत मी रात्री काढायचे. आता वैमानिक बघतोय म्हणून मला झोप लागायला लागली.

काल दुपारी जाग आली तर तो पाळण्याकडे बघत नव्हता. मी धावतच गेले. भूमिका शांत झोपली होती, छाती हळू वरखाली होत होती.

मग हा बघतोय कुठे?

मी खिडकीशी सरकले आणि मागे वळून पाहिलं. तोही वळला होता. पण नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, बरीच खाली होती.

मी सावकाश पोटावर हात ठेवला.