मेणाच्या पाटीवरचा कित्ता

"नाव काय तुझं?"

"ऋता," तिची आई कादंबरीच म्हणाली.

प्रोफेसर ओस्टरकाम्पनी मान हलवली. त्यांची नजर मात्र ऋतावरच होती.

"काय करायला आवडतं?"

"वाचायला. पोहणंही आवडतं, पण वाचन जास्त." हेही कादंबरीच.

ऋता खिडकीतून खाली बघत होती. ईस्ट कोस्टच्या समुद्रात नांगर टाकलेली जहाजं उन्हात स्तब्ध उभी होती.

"बोल ना गं," कादंबरी मराठीत कुजबुजली. "तोंडात गुळणी धरलीय का?"

"यू ऑलरेडी टॉकिंग लाह," ऋता इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली.

कादंबरी कसनुसं हसली. एवढं बेटाच्या पार दुसऱ्या टोकाच्या वुडलँड्सहून एमआरटीची मेट्रो आणि बस करून आलो ते यासाठी? ऋताच्या शाळेच्या रिपोर्टवर दर टर्मला एकच शेरा यायचा: हुशार आहे, पण वर्गात प्रश्न विचारत नाही. तो शेरा कादंबरीच्या मनातून जात नव्हता. मैत्रिणीनं, रश्मीनं या म्हाताऱ्या जर्मन पंडितांचं नाव सुचवलं होतं. अर्धं आयुष्य ग्रीक-लॅटिनमध्ये आणि उरलेलं शाळा सुधारण्यात घालवलेला माणूस. आता लेकीकडे या उंच कॉन्डो इमारतीत राहतात. वर्षाला एकच विद्यार्थी घेतात, फी घेत नाहीत. "त्यांनी घेतलं ना, तर पोरगी बोलती होईल," रश्मी म्हणाली होती.

कादंबरीनं त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. त्यांच्या प्रांतात दहाव्या वर्षीच मुलांची विभागणी करायचे. हुशार या शाळेत, बाकीचे त्या. ते बंद व्हावं म्हणून प्रोफेसर वर्षानुवर्षं भांडले. त्यांच्याच विरोधात मोर्चे निघाले ते आईबापांचे. आपणही त्या मोर्च्यात गेलो असतो, असं वाचताना तिला वाटून गेलं होतं.

प्रोफेसरांनी एक लाकडी पाटी टेबलावर ठेवली. तिच्यात काळसर मेण थापलेलं होतं आणि मेणावर अक्षरं कोरलेली.

"ही नक्कल आहे. मूळ पाटी इजिप्तच्या वाळूत सापडली. वरची ओळ एका ग्रीक मास्तरांची. खाली मुलानं दोनदा कित्ता गिरवलाय."

एवढं बोलून ते मागे रेलले आणि ऋताकडे पाहू लागले. कादंबरीच्या लक्षात आलं, परीक्षा ती हीच: ऋता काही विचारते का. तिनं टेबलाखालून ऋताला ढोसलं. ऋतानं मेणावरून बोट फिरवलं, "नाइस," म्हणाली आणि परत जहाजांकडे वळली.

एखादा प्रश्न तिला हळूच सुचवावा म्हणून कादंबरीनं पाटी जवळ ओढली. ग्रीक तिला ओ की ठो येत नव्हतं. पण वरची ओळ आखीव होती, एवढं दिसत होतं. खालची पहिली ओळ सावरून लिहिलेली. दुसरी उतरत गेलेली, शेवटची अक्षरं चौकटीला चिकटून कशीबशी कोंबलेली. पोराचा हात कुठे दुखायला लागला, तेही तिला दिसलं.

ती ऋताला विसरली.

"यानं पहिलं अक्षरच खाल्लंय," ती म्हणाली. "दोन्ही वेळा."

"हो."

"मास्तरांना दिसलं नाही?"

"दिसलं असेल."

"मग पुसलं का नाही? मेणच तर आहे. अंगठा फिरवला की सपाट. मी तर रोज..." ती थांबली. रोज संध्याकाळी ऋताच्या वहीतली चुकलेली ओळ ती खोडरबरानं नाहीशी करायची. वही कशी स्वच्छ दिसली पाहिजे. "इतकं चुकलेलं कुणी जपून ठेवतं का? कुणी ठेवलं असेल हे?"

प्रोफेसरांनी खुर्ची पुढे ओढली. "तुम्हाला काय वाटतं?"

"आईनं तर नसेल." मग पाटीवरची नजर न काढता ती म्हणाली, "की आईनंच?"

प्रोफेसरांनी टेबलावरची डायरी उघडली.

"दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर," ते म्हणाले. "या वर्षीची जागा भरली."

कादंबरीच्या छातीवरचं ओझं उतरलं. "थँक यू, सर! अगदी वेळेवर येईल ती. मी स्वतः आणून सोडीन."

"ती नाही. तुम्ही."

कादंबरी हसली. म्हाताऱ्यांचा काहीतरी घोटाळा झालाय, असं तिला वाटलं. पण ते हसत नव्हते.

"मी? अहो, मी कॉमर्सची. मला कुठलं जमायला ग्रीक? सगळं चुकेल माझं."

"चुकेल की," प्रोफेसर म्हणाले.

"आणि हिचं काय? हिच्यासाठी आले होते मी. हिला प्रश्न..."

हातातली पाटी तिनं घट्ट धरून ठेवली होती.

ऋता खिडकीपासून वळली. टेबलाला वळसा घालून आईच्या खुर्चीशी आली आणि तिच्या तोंडाकडे निरखून पाहायला लागली.

"आई," तिनं मराठीत विचारलं, "तुला एवढी कशाची भीती वाटते गं?"