केशरबाईंचा डबा

"देवापुढचं असेल तर नको, मावशी," रोझी दारातूनच म्हणाली.

केशरबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. रोझीच्या आईला माती देऊन आज तिसरा दिवस होता. दुःखाच्या घरी चूल पेटू द्यायची नाही, पिठलं-भाकरी शेजाऱ्यांनी न्यायची, ही भिंगारच्या त्या गल्लीची रीत. रोझीला ती ठाऊक होती. केशरबाईंच्या घरी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी घास उचलत नाही, हेही ठाऊक होतं. मूर्तीपुढचं अन्न तिला वर्ज्य होतं. दोन वर्षांपूर्वी ती चर्चच्या नव्या मंडळीत जाऊ लागली आणि हा नियम तिने आईलाही लावला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सणासुदीचे डबे मात्र येत राहिले. पुरणपोळी दिसली की आई डाव्या हाताने डब्याची कड धरायची, जोरजोरात मान हलवायची, घशातून आवाज काढायची. रोझी तिचं एकेक बोट सोडवायची. "आई, मोह आवर," असं वर्गातल्या मुलांना सांगावं तसं शांतपणे सांगायची आणि पोळी मागच्या दारी येणाऱ्या गाईला घालायची. मग डबा घासून, रिकामा देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून परत करायची. तेवढी रीत तिने सोडली नव्हती.

"अगं, देवापुढचं कशाला आनीन?" केशरबाई म्हणाल्या. "कदी आनलंय का?"

रोझीने डब्याकडे पाहिलं.

"तुज्या आयनं सांगितलं न्हाई व्हय तुला? झटका यायच्या दोन दिस आदी आल्ती माज्याकडं. म्हनली, 'केशर, रोझीला देवापुढचं चालत न्हाई आन मला तुज्या हातची पोळी सुटत न्हाई. कायतरी कर बाई.' तवापासनं तव्यावरची पयली पोळी तुमच्या डब्यात. नैवेद्य मागनं. आमचं म्हातारं लई वरडायचं. देवाच्या आदी मानसाला वाढतीस, पाप लागंल म्हनायचं. म्हनलं, लागू दे. देव थांबंल दहा मिनिटं."

रोझीने डबा दोन्ही हातांनी घेतला. तो अजून गरम होता. आईची ती हलणारी मान तिच्या डोळ्यांसमोरून जाईना.

केशरबाईंनी पदराने डोळे पुसले. "बोलता येत नव्हतं बिचारीला. पन डबा परत आला की मी समजायची, पोचलं. होळीची पोळी शेवटची. खाल्ली ना गं तिनं पोटभर?"

मागच्या दाराशी गाय नेहमीसारखी येऊन उभी होती.