पदरचं वाक्य

वाचनालयाच्या फळ्यावर गोदाक्कांनी थोर इंग्रज नाटककाराचं आजचं वचन लिहिलं आणि हात झटकले. घरी बायकोनं अबोला धरल्यामुळे हल्ली सकाळीच येऊन बसणारे प्राध्यापक खांबेटे फळ्यासमोर थबकले.

"'रुसलेल्या माणसाची भाकरी आधी गरम करावी.' अक्का, त्याची सगळी नाटकं मी कोळून प्यायलोय. इंग्लंडात भाकरी कुठून आली?"

अक्कांची चोरी पकडली गेली होती. कमिटीला कळलं तर फळा हातचा जाणार होता.

"आमचे हे त्याच्या मराठी नाटकात राजा व्हायचे," त्या म्हणाल्या. "वाक्य विसरले की पदरचं ठोकून द्यायचे. ते गेल्यापासून त्यातलंच रोज एक लिहिते. नवऱ्याचं नाव कसं लिहू? म्हणून साहेबाचं घातलं."

खांबेट्यांनी डस्टर उचललं. अक्कांनी मान फिरवली. परत पाहिलं, तर फक्त साहेबाचं नाव पुसलेलं.

"लिहा आता. लाजताय काय?"

अक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा 'दत्ताराम' लिहिलं.

खांबेटे तरी हलेनात. मग हळूच म्हणाले, "अक्का, भाकरी नुसती गरम करून भागतं, की वर तूपही लावायचं?"