कणकेची गोळी

"मासे कोण बघणार?" एवढ्या एका सबबीवर कुमुदताईंनी लेकाच्या हैदराबादच्या अकराव्या मजल्यावर राहायला जाणं तीन वर्षं टाळलं होतं. म्हणून या खेपेला लेकाने माशांच्या टाकीखालच्या कपाटात संप-फिल्टरच बसवला. पाणी खालच्या छोट्या टाकीत येऊन गाळलं जायचं, पंप ते पुन्हा वर चढवायचा.

"आणि लाईट गेली तर?"

"पाणी नळीतून उलटं खाली येईल. पण नळीला वरच्या टाकीत, पाण्याच्या जरासं खाली, हे बारीक भोक पाडलंय. पाणी तिथवर उतरून त्यातून हवा शिरली की थांबेल. आंघोळ करून येतो आणि दाखवतो. तू बॅग भर."

तो आत जाताच ताईंनी परातीतली कणीक चिमटून भोकात दाबली. एकदा घरभर पाणी झालं की बॅगेचं नाव निघणार नव्हतं.

लेकाने येऊन पंपाचं बटण बंद केलं. खालची टाकी भरू लागली. ताई फडकं घेऊनच उभ्या होत्या. काठाला चार बोटं उरली आणि पाणी थांबलं.

त्यांनी वर पाहिलं. भोक मोकळं होतं. रोज त्यांच्या हातून कणीक खाणारा नारिंगी मासा तिथेच तोंड हलवत होता.

"पाहिलंस ना," लेक म्हणाला, "तुझ्यावाचून यांचं काही अडत नाही."